गाडीत दम नाही, की जाळीत कापूस?

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. वाचकाचं वय ३१, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हंगामात जिनिंगच्या मोटारी, एरवी शेतकऱ्यांचे पंप. गेल्या वर्षी त्यांनी ७० हजारांना २००४ सालची मारुती एस्टीम घेतली आणि नाशिक-पुण्याकडच्या क्लबांच्या पाच स्पर्धांत उतरवली : चार ऑटोक्रॉस (मैदानावर आखलेल्या मातीच्या वळणांतून घड्याळाविरुद्ध फेरी), एक रॅली स्प्रिंट (तसंच, पण बंद केलेल्या छोट्या रस्त्यावर). पहिली आणि शेवटची पूर्ण झाली, मधल्या तिन्ही अर्ध्यावर सुटल्या. मे महिन्यात गाडी तापून हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाची, पॅकिंग गेली. पुढच्या ऑटोक्रॉसमध्ये उजव्या चाकाला फिरवणारा शाफ्ट तुटला. रॅली स्प्रिंटमध्ये उतारावर ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं आणि गाडी मातीच्या ढिगात जाऊन थांबली. सुदैवाने इजा झाली नाही. शेवटच्या स्पर्धेत त्यांच्या तीन फेऱ्या १ मिनिट ३६.२, १ मिनिट ३१.४ आणि १ मिनिट ३४.८ सेकंदांच्या. वर्गात सहावे. तिसऱ्या क्रमांकाची वेळ १ मिनिट २८ सेकंद. गाडीच्या किमतीवर १ लाख ८५ हजार खर्च झाले, त्यातले ५७ हजार या तीन बिघाडांत. पत्नीच्या पाटल्या ठेवून ६० हजारांचं सोनेतारण काढलं आहे. पत्नीला ते ठाऊक आहे, वडिलांना नाही. मिस्त्री म्हणतो, हेड पोर्टिंग (हेडमधल्या हवेच्या वाटा रुंद करणं), ओपन फिल्टर (डब्याविना उघडा एअर फिल्टर) आणि मोकळा एक्झॉस्ट करू, १ लाख २० हजार लागतील. एक मित्र रॅलीसाठी तयार केलेली हॅचबॅक साडेचार लाखांना देतो म्हणतो, त्यासाठी तीन लाखांचं कर्ज काढावं लागेल. वडील, म्हणजे आप्पा, म्हणतात, हा नाद सोड, तेवढ्या पैशात ठिबक होईल. सरावासाठी हे रात्री नव्या बायपासवर गाडी काढतात. शेवटी लिहितात : 'गाडीत दम नाही आणि नशीबही नाही. भाऊ, मी काय करू आते?'

उत्तर : भाऊ, तुमच्या चार पानी पत्रात 'नशीब' हा शब्द पाच वेळा आला आहे. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे मात्र कुठेच नाही.

आधी 'दम' बघू, कारण सव्वा लाखाचं काम आणि साडेचार लाखांची गाडी हे दोन्ही बेत त्या एका शब्दावर उभे आहेत. तुम्हीच दिलेल्या वेळा परत वाचा. तिसऱ्या क्रमांकाच्या तुम्ही ३.४ सेकंद मागे आहात. पण तुमच्याच सगळ्यांत चांगल्या आणि सगळ्यांत वाईट फेरीत ४.८ सेकंदांचा फरक आहे. गाडी तीच, टायर तेच, दिवस तोच. ते पावणेपाच सेकंद इंजिनाने खाल्लेले नाहीत. एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं १.३ लिटर इंजिन कारखान्यातून ८५ हॉर्सपॉवर देतं आणि गाडी जेमतेम नऊ क्विंटलची. दीड मिनिटाच्या मातीच्या फेरीत तिसरा गिअर एखाददुसऱ्या वेळीच पडतो, तिथे एवढी ताकद पुरते.

मग सेकंद कुठे जातात? पुढची चाकं ओढणारी गाडी मातीवर बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने वेळ घालवते. वळणात जरा जास्त वेगाने घुसायचं, स्टिअरिंग आणखी कापायचं, पुढची चाकं नांगरासारखी माती लोटत सरळच जातात, आणि मग गाडी वळायची वाट बघत बसायचं. चालवणाऱ्याला त्या क्षणी आपण फार जोरात चाललो आहोत असं वाटतं. घड्याळ उलट सांगतं. ब्रेक सरळ रेषेत, वळायच्या आधी संपवा. स्टिअरिंग कापूनही गाडी वळत नसेल तर आणखी कापू नका, थोडं सोडा, चाक पुन्हा पकड घेतं. ट्रॅक किमान तीनदा पायी फिरा. पहिल्यांदा नुसता क्रम पाठ करायला, दुसऱ्यांदा माती कुठे घट्ट आहे आणि कुठे भुसभुशीत ते बघायला, तिसऱ्यांदा फक्त ब्रेकच्या जागा ठरवायला. आणि प्रत्येक फेरीनंतर, कुणाशी बोलायच्या आधी, कुठल्या वळणात काय झालं ते दोन ओळींत लिहा. ३६.२ च्या फेरीत काय चुकलं हे तुम्हाला आज आठवत नसेल, तर त्या फेरीची प्रवेश फी वाया गेली म्हणा.

आता तीन बिघाड. तुम्ही ते तीन वेगळ्या अपशकुनांसारखे लिहिले आहेत. आम्हाला त्यांत उष्णता आणि धूळ ही एकच जोडी दिसते. ती तर आपल्याकडे फुकट मिळते.

गाडी तापण्याचं आधी घ्या, कारण सगळ्यांत महाग काम तेच होतं. तुम्ही लिहिता की कापसाच्या हंगामात गाडी रोज जिनिंगच्या आवारात उभी असते. तिथला तंतू रेडिएटरच्या जाळीत आणि तिच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीत बसतो. वरून धूळ, त्यावर एखादा तेलाचा थेंब, की नमदा तयार. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण हा थर दोन जाळ्यांच्या मधे असतो. एसीची जाळी न काढता धुणाऱ्याने निम्मंच धुतलेलं असतं. दोन्ही वेगळ्या करा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, साध्या नळाच्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरने जाळीचे पातळ पंख दुमडतात आणि जाळी कायमची बंद होते. दुमडलेले पंख सुईने किंवा जुन्या टूथब्रशने सरळ करा, वेळ लागतो, पण अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या पोटाखालची तुमची ती लोखंडी सम्प गार्ड. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन मिलीमीटरची प्लेट बम्परपासून थेट मागपर्यंत मारून घेतली आहे, असं लिहिलंय. तीन मिलीमीटर लोखंड चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं, म्हणजे पुढच्या चाकांसमोर तुम्ही दहा-बारा किलो लटकवले. वजनापेक्षा वाईट म्हणजे गरम हवा खाली निघायची वाटच बुजली. रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर नवी हवा आत येत नाही. प्लेटच्या मागच्या निम्म्या भागात तीन-चार आडव्या फटी कापून त्यांची पुढची कड खाली वाकवा, म्हणजे दगड अडतो आणि हवा मागे ओढली जाते. जमल्यास पाच मिलीमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट वापरा, तेवढ्याच आकाराला वजन निम्म्याच्या जवळ येतं.

तिसरी गोष्ट पाणी. बोअरचं पाणी रेडिएटरला घातलं असेल तर आतल्या नळ्यांत तोच पांढरा क्षार बसला आहे, जो तुमच्या घरच्या गीझरच्या कॉइलवर बसतो. सगळं पाणी काढा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून काढा, मग तयार मिश्रणाचं कूलंट ओता आणि त्यात वरून पाणी मिसळू नका. घट्ट कूलंट घेतलंत तर आपल्या हवेला एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरे. आपल्याकडे गोठायची भीती नाही, आणि पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. कूलंट हवं ते गंज आणि क्षार थांबवायला.

चौथी गोष्ट झाकण. रेडिएटरचं झाकण हा खरं तर प्रेशर व्हॉल्व्ह आहे. साधारण एक बारचा दाब धरला की आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की तो वीस अंशांचा आधार गेला. काही शे रुपयांची वस्तू आहे, जुनी वापरू नका.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. मिस्त्रीने तो काढून टाकला, 'आपल्या हवेला लागत नाही' म्हणून. हे वाक्य धुळ्यापासून भुसावळपर्यंत प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. थर्मोस्टॅट काढल्यावर हायवेला इंजिन गरज असते तेवढं तापतच नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि रिंगा झिजतात. तुमचं मायलेज मे महिन्यानंतर पडलं, त्यामागे हे मोठं कारण असू शकतं. नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तपासा : ८२ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे, ९५ पर्यंत पूर्ण उघडा झाला पाहिजे. त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथून अडकलेली हवा निघते.

पंखा तपासायचं तुम्हाला शिकवायला नको, पण एक विचारतो. मधे त्याची मोटार तुम्हीच दुरुस्त केलीत असं लिहिलंय. दोन वायरी उलट जोडल्या तर डीसी मोटार उलटी फिरते, पंखा आवाज तेवढाच करतो आणि हवा मागून पुढे फेकतो. इंजिन उभं असताना पंखा चालू करा आणि बम्परकडून जाळीसमोर कागद धरा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर काय झालंय ते तुम्हाला कळेलच.

हेडचं काम झालं आहे, पण ते नीट झालं का, याची खात्री नवा रुपया खर्च करण्याआधी करा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गळ्यापर्यंत पाणी भरा आणि गाडी चालू करा. सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावून थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर गॅस पाण्यात जातोय. डिपस्टिकवरचं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाब किती धरला जातो ते, गेजने बघा : इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि स्पार्क बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. सुझुकीच्या या इंजिनाला नवं असताना चौरस सेंटीमीटरला १४ किलोचं कॉम्प्रेशन असतं, १२ च्या खाली गेलं तर काम आलं. दोन सिलिंडरांमधला फरक एक किलोच्या वर नको. लेथवर हेड फेसिंगला दिलं होतं का, हे मिस्त्रीला विचारा. नुसती पॅकिंग बदलून वाकलेलं हेड परत बसवलं, तर पुढच्या मे महिन्यात तेच होतं. सरळ पट्टी आणि ०.०५ मिलीमीटरची फीलर पट्टी : ती पट्टीखालून कुठेही सरकली, तर हेड सपाट नाही.

शाफ्टचं कारण तुम्हीच एका ओळीत लिहून पुढे गेलात : 'दगड लागू नयेत म्हणून पुढचे स्प्रिंग दीड इंच उचलले.' गाडी उचलली की शाफ्टच्या सांध्यांचा कोन कायमच जास्त राहतो. त्यात स्टिअरिंग पूर्ण कापलेलं असताना पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर ठोकला, की सगळा जोर सांध्यातल्या गोळ्यांच्या कडेवर येतो. रबरी बूटाला चीर असेल तर ग्रीस बाहेर आणि धूळ आत, म्हणजे सांध्यात सॅंडपेपरच फिरतोय म्हणा. हा सांधा न सांगता तुटत नाही. आधी काही दिवस पूर्ण वळणात कट-कट असा आवाज येतो. स्प्रिंग उचलायला घातलेले स्पेसर काढा, दगडांसाठी गार्ड आहेच. स्पर्धेच्या आठवडाभर आधी गाडीखाली बॅटरी घेऊन चारही बूट बोटांनी दाबून, घड्या उघडून बघा, कारण चीर घडीतच लपते. बूट आणि ग्रीसचं किट सोबत ठेवा. आणि मैदानावर 'यू' वळण घेताना स्टिअरिंग थोडं सरळ झाल्यावरच पाय दाबा. वेळही त्यातच वाचतो.

ब्रेकमध्ये मात्र गंमत नाही. तुम्ही बचावलात.

पेडल पार खाली गेलं, पण दोन-चारदा पंप केल्यावर थोडं वर आलं, असं तुम्ही लिहिलंय. ही खूण महत्त्वाची आहे. पॅड तापून गुळगुळीत झाले असते तर पेडल कडकच राहिलं असतं, फक्त गाडी थांबली नसती. पेडल मऊ होऊन तळाला गेलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून त्याचे उकळण्याचे दोन आकडे असतात. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हा आकडा १४० वर येऊ शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. गाडी घेतल्यापासून तुम्ही ऑइल बदललेलं नाही आणि आधीच्या मालकाने कधी बदललं कुणास ठाऊक. उतारावर सलग ब्रेक लावल्यावर कॅलिपरपाशी १४० अंश सहज होतात.

दर मोसमाला ऑइल पूर्ण बदला. डॉट ४, एक लिटर पुरतं. बाटली सीलबंद हवी, उघडून सहा महिने फळीवर ठेवलेली नको. डॉट ५ असं लिहिलेलं सिलिकॉनचं ऑइल यात मिसळायचं नाही. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे या, आणि वरची टाकी मधे एकदाही रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. नवे पॅड बसवले की रिकाम्या जागेत ६० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पण गाडी पूर्ण उभी करू नका. मग ब्रेक न लावता गाडी फिरवून थंड होऊ द्या. फेरी संपल्यावर तापलेल्या ड्रमवर हॅंडब्रेक ओढून ठेवू नका, चाकाखाली दगड लावा. मागचे ड्रम दर स्पर्धेनंतर उघडून धूळ झाडा, तोंडाला फडकं बांधून.

हे सगळं मिळून, म्हणजे थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट, बूट, ब्रेक ऑइल, पॅड, हिशेब चार आकड्यांत राहतो. तुमचे ५७ हजार याच वस्तूंपायी गेले.

मिस्त्रीच्या सव्वा लाखाबद्दल थोडक्यात. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेत सुमारे सहा टक्के कमी ऑक्सिजन मावतो. ओपन फिल्टर बॉनेटखालची ६०-६५ अंशांची हवा ओढतो, म्हणजे आणखी तेवढीच घट. जे पैसे देऊन घ्यायचं, ते तिथेच परत जातं, वर आपल्या काळ्या मातीची मैद्यासारखी धूळ सिलिंडरात. कंपनीचा बंद डबा, चांगला कागदी फिल्टर आणि बाहेरची थंड हवा आणणारा पाइप हेच ठेवा, फिल्टर दर स्पर्धेला नवा. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. पूर्वी एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागायची, आता साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं. साध्या चालीत एक्झॉस्टमधला सेन्सर हे सांभाळून घेतो. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र कॉम्प्युटर बऱ्याचदा जुन्या ठरलेल्या आकड्यांवरच चालतो, मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन आणखी तापतं. हेड पोर्ट करून हवा वाढवली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर काय होईल ते तुम्ही ओळखालच. २००४ सालचे पेट्रोलचे रबरी पाइपही एकदा बोटांनी दाबून बघा. चिकट किंवा फुगलेले वाटले तर सगळे बदला, आगीचा प्रश्न आहे. आणि मोकळा एक्झॉस्ट लावलेली गाडी जिनिंगच्या आवारात, सरकीच्या आणि कापसाच्या ढिगांमधे नेणार का तुम्ही? तिथे ट्रॅक्टरलाही स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, मागतात.

मित्राची हॅचबॅक वाईट आहे असं म्हणत नाही. पण तीन लाख, १२ टक्के, तीन वर्षं, म्हणजे महिन्याला ९,९६४ रुपये. ते गाडी उभी असली तरी जाणार, आणि प्रवेश फी, टायर, पेट्रोल, गाडी उचलून नेणं वेगळं. कधी घ्यायचीच झाली तर तिच्या रोलकेजचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याचा, पाइप व्हर्नियर कॅलिपरने मोजा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मुख्य कमान ४५ गुणिले २.५ किंवा ५० गुणिले २ मिलीमीटरच्या सीमलेस पाइपची असते. पाण्याचा जीआय पाइप वाकवून रंग मारलेले पिंजरेही बाजारात दिसतात, ते अपघातात मोडून आत शिरतात. पट्टे आणि सीट यांच्या लेबलवरची मुदत बघा. मुदत संपलेला पट्टा तपासणीत बाद होतो आणि नवा सेट स्वस्त नसतो. पिंजरा घातलेली गाडी रोजच्या वापराला चालणार नाही, हेही धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे ती टोचनने किंवा ट्रेलरवरच नाशिकला जाणार. तुमची एस्टीम स्वतःच्या चाकांवर अडीचशे किलोमीटर जाते, हा तुमचा मोठा फायदा आहे, तो कागदावर दिसत नाही एवढंच.

विम्याचा कागदही एकदा काढून वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी असा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवरचं नुकसान तुमच्या खिशातून. बायपासवरच्या रात्रीच्या सरावात दुसऱ्याचं काही झालं, तर काय हे सांगायला नको. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण दंड सोडा. त्या रस्त्यावर रात्री बिनदिव्याची बैलगाडी असते, ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, आणि केळीचा ट्रक कुठेही उभा असतो. ते आजपासून बंद. शिवाय सरळ रस्त्यावर १२० ने जाऊन ऑटोक्रॉसचं काहीच शिकता येत नाही.

सराव शेतात करा. पऱ्हाटी उपटून झाल्यावर घरचं एखादं मुरमाड रान निवडा. काळ्या रानात उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यात चाक अडकून गाडी कलंडते. विहिरीपासून दोनशे पावलं लांब, बांध आणि धोंडे आधी पायी बघून. वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या १५ मीटरवर एक अशा आठ मांडा आणि ३०-४० च्या वेगाने नागमोडी जा. मग एक बाटली मधे ठेवून तिच्याभोवती आठचा आकडा. हेल्मेट, पट्टा, दोन किलोचं अग्निशामक आणि एक मोठा माणूस बाजूला उभा. लहान मुलांना कौतुकाने गोळा होऊ देऊ नका. टायरच्या कडेवर खडूने रेघ मारा. वळणांनंतर रेघ टायरच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, टायरच्या खांद्यापर्यंतही पुसली गेली नाही तर जास्त. मातीवर २८ पौंडांपासून सुरुवात करा आणि लक्षात ठेवा, टायर दहा अंशांनी तापला की दाब दीडेक पौंडाने वाढतो, म्हणून सकाळी भरलेली हवा दुपारी तीच नसते. चाकांचे नट ८५ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने, प्रत्येक फेरीआधी. पायाने उडी मारून आवळलेला स्टड पुढच्या वेळी तुटतो.

राहिले आप्पा आणि पाटल्या. तुम्ही विचारता की आप्पांना कसं पटवू. पटवू नका, हिशेब दाखवा. त्यांचा विरोध गाडीला आहे असं तुम्ही धरून चालला आहात. पत्रातली त्यांची तीन वाक्यं वाचली तर ते दर वेळी पैशाचंच बोलतात. आणि ज्यांना शंकरपटाच्या बैलजोडीला खुराक किती लागतो हे तोंडपाठ आहे (तुम्हीच लिहिलंय), त्यांना शर्यतीचा नाद कळत नाही असं म्हणता येणार नाही. सोनेतारणाचं त्यांना बाहेरून कळण्याआधी तुम्ही सांगा, आणि सांगताना सोबत वेळापत्रक ठेवा : पाटल्या सुटेपर्यंत गाडीवर देखभालीपलीकडे रुपया नाही. पुढच्या मोसमात पाच ऐवजी तीन स्पर्धा. तिन्ही पूर्ण करायच्या, क्रमांक कितवाही येवो. त्या तीन पूर्ण झाल्या, आणि तिन्हीत तुमच्या फेऱ्यांमधला फरक दोन सेकंदांच्या आत आला, तर त्या दिवशी 'गाडीत दम नाही' म्हणा. मग आम्हीही ऐकू. आज तुम्हाला ते ठरवता येणार नाही, कारण गाडी निरोगी असताना तुम्ही तिला चालवलेलंच नाही.

आणखी एक वाट तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही : टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली. यात वेग लागत नाही. ठरलेल्या रस्त्यावर ठरलेला सरासरी वेग राखायचा, आणि गुप्त चौक्यांवर लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. साधी, न बदललेली, कागदपत्रं पूर्ण असलेली गाडी चालते. प्रवेशाचे आणि परवान्याचे नियम आयोजकाच्या पुरवणी नियमावलीत असतात. मोटारस्पोर्ट्स फेडरेशनचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना दर वर्षी नवा काढावा लागतो, तो तुमचा संपत आला असेल. या प्रकारात चालकापेक्षा शेजारी बसणाऱ्याच्या डोक्याला जास्त काम असतं. ३६ च्या सरासरीला एका किलोमीटरला बरोबर १०० सेकंद, ४० ला ९०, ४५ ला ८०. ट्रिपमीटर आयोजकाच्या अंतराशी जुळत नसेल तर तो गुणक आधी काढायचा, आणि मग हलत्या गाडीत तीन तास हेच करत राहायचं. दुकानाची वही पत्नी ठेवतात, पै-पैचा मेळ त्यांनाच लागतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारून तर बघा. पण गाडीत बसवण्याआधी पाटल्या सोडवा.